धावपटू-दुखापत प्रतिबंधक समिती, आलमबाग

मनुष्यदेहात दोनशेच्या वर हाडं असून त्यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे दुखण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. चाळिशीपर्यंत बहुतेक हाडं हा हक्क बजावत नाहीत. त्यानंतर मात्र ती संघटित होतात. (कर्मचारी संघटनांचंही असंच असतं, पण त्यांना निदान मागण्या काय आहेत हे सांगता येतं.) माझी हाडं संघटित होण्याचा आणि माझी लखनौला बदली होण्याचा काळ साधारण एकच, म्हणजे १९९४ च्या सुमाराचा.

मी भास्कर विद्वांस. एका सरकारी विमा कंपनीत अधिकारी. आडनावामुळे लखनौकर मला 'विद्वान साहब' म्हणत, आणि ही चूक दुरुस्त करण्याची मला कधी निकड वाटली नाही. आलमबागेत आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. मी, पत्नी वासंती आणि अकरावीतली मुलगी पूर्वा, जिला मराठी सगळं कळायचं आणि जी उत्तर हिंदीत द्यायची. वासंती चिनहटला एका कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत शिकवायची. चिनहट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी कारखान्याची बस आलमबागच्या चौकात यायची, थांबल्यासारखं करायची आणि निघून जायची.

मी धावू लागलो त्याला कारण आमच्या कार्यालयाचा जिना. एके दिवशी वर पोचून कठड्याला टेकलो होतो, तेवढ्यात कानपूरहून नवीन आलेले मोठे साहेब शेजारून चढत गेले आणि अतिशय मायेने म्हणाले, "विद्वान साहब, दम ले लीजिए. फ़ाइल कहीं भागी नहीं जा रही." त्यांनी शिपायाला खुर्चीसुद्धा आणायला लावली. लखनौत अपमान खुर्ची देऊन करतात, त्यामुळे तो झाला हे माणसाला घरी पोचल्यावर कळतं. मला रात्रीच्या जेवणात कळलं.

"मी उद्यापासून धावणार," मी जाहीर केलं.

"बरं," वासंती म्हणाली. "दूध घेऊन या मग येताना."

"धावपटू दुधाची बरणी घेऊन धावत नाही," मी समजावून सांगितलं. तरी त्या काळात दूध मीच आणत होतो, हे नमूद करणं आवश्यक आहे. पुढे त्याचं काय झालं ते येईलच.

धावण्यासाठी मी छावणी निवडली. तिथले रस्ते रुंद, शांत आणि झाडीचे. शिवाय ओळखीचं कोणी भेटत नाही. पहिले काही दिवस मी ज्या गतीने धावलो, तिला वासंतीच्या माहेरी 'लगबगीने चालणं' म्हणतात. पण नवे बूट, निळा ट्रॅकसूट आणि कपाळाला पट्टी असल्यामुळे बघणाऱ्याचा गैरसमज होत असे, आणि तेवढं मला पुरेसं होतं.

मग एका धुक्याच्या सकाळी मागून जवानांची एक तुकडी धावत आली. मी बाजूला सरकताना दचकून "अगं आई गं" म्हणालो. तुकडीबरोबरच्या हवालदाराने मान वळवली. "मराठी का? चला काका, रांगेत या. कडेला काय पळताय."

आता इथे परप्रांतात महाराष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न उपस्थित झाला होता. मी रांगेत गेलो. जवान धावत होते आणि मधून मधून आरोळी देत होते. मीही देत होतो, पण माझी आरोळी संपायच्या आत पुढची सुरू व्हायची. कुठल्याही शहाण्या माणसाने पहिल्याच वळणावर रजा घेतली असती. मी शहाणा नसून विद्वांस असल्यामुळे शेवटपर्यंत गेलो. ते पहाऱ्याच्या खोलीपाशी थांबले, पाय आपटून उभे राहिले, आणि मी पाय आपटला. उजवा. गुडघ्यात काहीतरी कर्र झालं.

"कसं वाटतंय काका?" हवालदाराने विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो. मग रिक्षा करून घरी आलो.

आलमबागेत एका नर्सिंग होमच्या मागच्या दोन खोल्यांत लतिका घोरपडे यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. मूळच्या कोल्हापूरकडच्या, छावणीतल्या एका मेजरच्या पत्नी, वय तिशीचं. बोलणं कमी आणि हाताचे अंगठे लोखंडाचे. त्यांनी माझ्या गुडघ्याची वाटी दाबली, हलवली, मला जिना चढउतार करायला लावला आणि म्हणाल्या, "धावणाऱ्यांना होतं हे. मांडीचे स्नायू कमजोर, आणि एकदम जास्त पळालात. इंग्रजीत ह्याला 'रनर्स नी' म्हणतात."

'रनर्स नी.' मी ते शब्द मनात दोनदा म्हटले. सामान्य माणसाचा गुडघा दुखतो त्याला गुडघेदुखी म्हणतात, आणि त्यावर सासूबाई तेल सुचवतात. माझा गुडघा मात्र धावपटूचा होता. आयुष्यभर केलेल्या नोकरीने मला जी प्रतिष्ठा दिली नव्हती, ती एका सकाळच्या मूर्खपणाने दिली. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात क्रेप बँडेज पँटच्या वरून बांधून गेलो. मोठे साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"क्या हुआ विद्वान साहब?"

"स्पोर्ट्स इंजरी," मी म्हणालो. त्या दिवसापासून फायली जिना उतरून माझ्याकडे येऊ लागल्या.

उपचार सुरू झाले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा. (पिशवी वासंतीने माझ्या जुन्या पँटच्या पायाची शिवून दिली.) क्लिनिकमध्ये अल्ट्रासाउंडचं यंत्र लागायचं आणि वीज जायची. मग मी आणि इतर रुग्ण अंधारात आपापलं दुखणं धरून, वीज मंडळाविषयी चर्चा करत बसायचो. लतिकाबाई मात्र वीज गेली की अंगठ्याने काम सुरू करायच्या, त्यामुळे सर्वांचं मत असं होतं की वीज लवकर यावी.

"धावणं बंद करू नका काका," त्या सांगायच्या. "व्यायाम करा, हळूहळू पुन्हा पळायला लागा. गुडघ्याला काम लागतं."

या सूचनेतला पहिला भाग मी मनापासून पाळला. व्यायाम इतके केले आणि त्यांविषयी इतकं बोललो, की पुढच्या भागासाठी वेळच उरला नाही. पूर्वा एकदा म्हणाली, "पापा, आप दौड़ते कम हैं, बताते ज़्यादा हैं." तरुण पिढीला सिद्धान्ताचं महत्त्व कळत नाही.

सिद्धान्ताचं महत्त्व निगम साहेबांना कळलं. ते गल्लीत समोर राहायचे, सिंचन खात्यातून निवृत्त, आणि पुतण्याच्या लग्नात नाचताना त्यांचा पाय मुरगळला होता. दर रविवारी आमच्या गच्चीवर उन्हात बसून आम्ही पायांविषयी बोलू लागलो. हळूहळू आणखी गृहस्थ आले. आणि जिथे तीन मध्यमवर्गीय पुरुष एकाच दुखण्याविषयी नियमित बोलतात, तिथे संस्था स्थापन होण्यावाचून गत्यंतर नसतं. 'धावपटू-दुखापत प्रतिबंधक समिती, आलमबाग' अशी रीतसर स्थापन झाली. निगम साहेब अध्यक्ष, मी सचिव आणि प्रमुख वक्ता. सदस्यत्वासाठी धावण्याची दुखापत आवश्यक ठरवली. (नाचताना, गच्चीवर पतंगामागे आणि स्नानगृहात झालेल्या दुखापती 'धावण्यास पूरक' मानून समाविष्ट केल्या.) कार्यक्रम असा: आधी शरीर गरम करायचं, मग स्नायू ताणायचे, मग ते थंड करायचे. गरम करणं आणि थंड करणं यांच्यामध्ये शास्त्राप्रमाणे धावणं येतं, पण तेवढ्यात चहा आणि शेंगदाणे येत. चहा वासंती आणायची. गच्चीला जिना होता.

समितीचा पहिला अहवाल मी लिहिला, आणि त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'स्थापनेपासून एकाही सदस्यास धावताना दुखापत झालेली नसून समितीचे यश शंभर टक्के आहे. धावलेले सदस्य: निरंक.'

घरीही माझ्या गुडघ्याचा आदर राखला जात होता. धावपटूने थंडीत दुधाच्या रांगेत उभं राहू नये, हे मी तत्त्वतः मांडलं आणि वासंतीने ते व्यवहारात आणलं. पुढे गॅसचं सिलिंडर, टाकीत पाणी चढवायला खाली जाऊन पंप लावणं आणि रविवारची भाजी हेही तत्त्वात बसलं. तिने कधी वाद घातला नाही. फक्त पूर्वीपेक्षा लवकर उठू लागली.

जानेवारी सरता सरता एका संध्याकाळी स्कूटर बिघडली म्हणून मी वासंतीच्या खांद्याचा आधार घेऊन क्लिनिकमध्ये गेलो. ती बाकावर बसली. लतिकाबाईंनी मला मधोमध उभं केलं.

"उकिडवे बसा." बसलो. "उठा." उठलो. "एका पायावर उभे राहा. आता त्याच पायावर थोडं खाली." गेलो.

"दुखलं?"

मी प्रामाणिकपणे शोध घेतला. "आत कुठेतरी वाटतं."

"आत कुठे?"

"खोलवर."

"खोलवर गुडघा नसतो, काका. तुमचा गुडघा बरा झालाय. महिनाभर तरी झाला असेल. उद्यापासून यायची गरज नाही."

माणसाला नोकरीतून काढतात तेव्हा निदान नोटीस देतात. "एकदा नीट बघा," मी म्हणालो. "घाई नको. यंत्र लावून बघा." वासंती माझी पिशवी द्यायला बाकावरून उठली आणि दोन पावलं पुढे आली. लतिकाबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"काकू, जरा दारापर्यंत चालून या."

"मी? पेशंट हे आहेत."

"माहीत आहे. चला तुम्ही."

वासंती दारापर्यंत गेली आणि आली. मी पहिल्यांदाच पाहिलं की तिचा डावा पाय सरळ पडत नाही. ती बाहेरच्या कडेवर भार देत होती आणि टाच टेकताना क्षणभर थबकत होती. मी स्नायूंची नावं पाठ केलेला माणूस. मला ते दिसायला खोलीच्या मधोमध उभं राहावं लागलं.

"टाच कधीपासून दुखतेय?" लतिकाबाईंनी तिला बसवून चप्पल काढायला लावली.

"दुखते थोडी. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकवत नाहीत, भिंत धरते. मग सुटते. संध्याकाळी पुन्हा."

"पण कधीपासून?"

वासंतीला आठवावं लागलं. "लखनौला आल्यापासून असेल. मग ह्यांचा गुडघा झाला, तेव्हापासून जरा वाढली."

पहाटे ती भिंत धरून चालायची हे मी पांघरुणातून रोज पाहिलं होतं. मला वाटायचं ती दिव्याचं बटण चाचपडतेय.

लतिकाबाईंनी टाचेखाली अंगठा दाबला. वासंतीने बाकाची कड घट्ट धरली. "सकाळपासून काय काय करता ते सांगा," लतिकाबाई म्हणाल्या. वासंतीने सांगितलं. पंप, दूध, डबे, पूर्वा, ह्यांचा शेक. मग बस. बस चौकात थांबतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे गल्लीच्या तोंडापासून पळावं लागतं. परवा अगदी सुटता सुटता मिळाली.

"ही धावण्याची दुखापत आहे काकू. तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो सुजलाय."

वासंती हसली. "मी कुठे धावते? धावतात हे."

"रोज पळता म्हणालात ना आत्ता."

"ते काय धावणं? ते बस पकडणं."

लतिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाकावरचा एक वृद्ध रुग्ण, ज्याला मराठी येत नव्हतं, तोही माझ्याकडे बघू लागला. मी पँटच्या वरून बांधलेलं बँडेज सोडायला घेतलं. ते सोडायला फार वेळ लागतो.

"दुखतं हे सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. प्रश्न विचारताना तो मला बरा वाटला होता.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "दिवाळीत. तुम्ही मला पोटरी कशी ताणायची ते समजावलंत. मग निगम साहेब आले."

लतिकाबाईंनी तिला उपाय सांगितले. अनवाणी फरशीवर चालायचं नाही. फ्रिजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली फिरवायची. पोटरी ताणायची. मऊ तळाचे बूट, साडीवर असले तरी. आणि पुढचे काही आठवडे अजिबात धावायचं नाही, बससाठीसुद्धा नाही.

"मग बस जाईल," वासंती म्हणाली.

"जाणार नाही. काका पळतील." त्या माझ्याकडे वळल्या. "पुढे जाऊन बस थांबवायची. काकू चालत येतील. दूध आणि पंपही तुमच्याकडेच. एवढी तयारी केलीत, ती वाया कशाला जाऊ द्यायची?"

मी आयुष्यात पुष्कळ आदेश स्वीकारले आहेत, पण इतका सविस्तर कुठलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाट धुकं होतं. मी पंप लावला, दूध आणलं, आणि वासंतीचा डबा व वह्यांची पिशवी घेऊन गल्लीतून निघालो. चौकात बसचे दिवे दिसले तसा पळत सुटलो. वॉर्म-अप झाला नव्हता. ट्रॅकसूट नव्हता, लेंगा होता. बस थांबल्यासारखं करून निघणार, तेवढ्यात मी पायरीवर पाय ठेवून दांडा धरला.

"इश्तियाक़ भाई," मी म्हणालो. ड्रायव्हरचं नाव मला वासंतीने सांगितलं होतं. "एक मिनट. मैडम आ रही हैं."

"कौन मैडम? वो जो दौड़ के आती हैं?"

"हाँ. अब चल के आएँगी. पैर में तकलीफ़ है."

इश्तियाकभाईंनी इंजिन मंद केलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "अरे साहब, पहले कहते. हम तो समझे उन्हें दौड़ने का शौक़ है."

धुक्यातून वासंती येताना दिसायला बराच वेळ लागला. तिच्या हातात पिशवी नव्हती आणि ती चालत येत होती. बसमधल्या शिक्षिका खिडकीतून पाहत होत्या. मी दांडा धरून धापा टाकत उभा होतो. छावणीतल्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच मला घाम आला होता. ती चढली, तिने पिशवी घेतली आणि म्हणाली, "लेंग्याची नाडी लोंबतेय."

तरीही बस थांबवायला रोज माणूस लागायचा. इश्तियाकभाईंचं म्हणणं रास्त होतं. गाडी कारखान्याची, वेळ द्यावा लागतो, कोणी येऊन सांगितलं तर थांबवता येते, आपण होऊन नाही. त्यामुळे मी रोज धावलो. गुडघा पहिल्या आठवड्यात कुरकुरला. मी आशेने क्लिनिकमध्ये गेलो. लतिकाबाईंनी तो वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "हे दुखणं नाही काका. धावल्यावर असंच वाटतं."

समितीपर्यंत बातमी जायला वेळ लागला नाही, कारण अध्यक्षांची खिडकी गल्लीवर होती. रविवारी गच्चीवर सगळे जमले आणि कोणीही पाय ताणले नाहीत.

"विद्वान साहब," निगम साहेब जड आवाजात म्हणाले, "बड़े अफ़सोस के साथ कहना पड़ रहा है. आप दौड़ते हुए देखे गए हैं."

"बस रोकने के लिए."

"मक़सद कुछ भी हो. दौड़ना तो दौड़ना है. कल को आपको चोट लग गई तो समिति की रिपोर्ट का क्या होगा? सौ फ़ीसदी कैसे लिखेंगे?"

युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय तो माझाच होता. माझं सदस्यत्व रद्द करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. (हात वर करायची सवय असल्यामुळे मीही केला.) त्या दिवशी चहा मी केला. खाली वासंती खुर्चीत बसून पायाखाली बाटली फिरवत वह्या तपासत होती. सदस्यांनी चहा पाणचट असल्याचं मत नोंदवलं आणि समितीचं कार्यालय निगम साहेबांच्या गच्चीवर हलवलं.

वासंतीची टाच सुधारायला होळी उलटून गेली. एके पहाटे मी जागा होतो आणि ती पलंगावरून उतरून सरळ स्वयंपाकघरात गेली. भिंतीला हात लावला नाही. मग आतून भांडं घासताना गुणगुणण्याचा आवाज आला. तो आवाज लखनौला आल्यापासून मी ऐकला नव्हता. नव्हता, हेही मला तेव्हाच समजलं.

एप्रिलमध्ये लतिकाबाईंनी तिला मोकळं केलं. "आता पळालात तरी चालेल काकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशव्या उचलताना म्हणालो, "आता तू धावू शकतेस म्हणे."

"शकते," ती म्हणाली आणि शांतपणे बुटाची लेस बांधू लागली. "पण तुम्ही धावताय की."

म्हणून मी धावलो. आमची बदली होईपर्यंत धावत होतो.

समिती माझ्यावाचून भरभराटीला आली. निगम साहेबांचं पत्र येतं. ते लिहितात की यश अजूनही शंभर टक्के आहे आणि बाहेरगावच्या सदस्यांनाही आता प्रवेश देतात. पात्रता सोपी आहे. उमेदवार धावत नसावा, आणि घरातलं दुसरं कोणी धावत असेल तर ते त्याच्या लक्षात येत नसावं. चाचणी अशी: उमेदवाराला काहीतरी वाचायला देतात, साधारण या गोष्टीएवढं. वाचत असताना घरात कुकरची शिट्टी होते, दाराची घंटा वाजते, कोणीतरी उठून जातं, कोणीतरी चहा आणून ठेवतं. शेवटी फक्त एकच प्रश्न विचारतात. आत्ता तुमच्यासमोरून जे गेलं, ते कुठल्या पायावर भार देत गेलं?

मान वर करून बघू नका. आता ते तिथे नाही. निगम साहेबांना मी तुमचं नाव कळवतो.